बाथरूमची फरशी निवडताना : रंग घराचा, पकड बाथरूमची

घर बांधायला काढले किंवा जुने घर दुरुस्तीला घेतले की दिवाणखान्याच्या फरशीसाठी आपण चार दुकाने फिरतो. घरातील बायका-मुलांना बरोबर नेतो, नमुने पाहतो, भाव करतो. बाथरूमची पाळी येईपर्यंत मात्र पैसा आणि हौस दोन्ही संपत आलेले असतात. मिस्त्री सकाळी येऊन बसलेला असतो आणि "शेठ, आज फरशी आली नाही तर माझ्या दोन माणसांचा खाडा होईल," असे सांगतो. मग दुकानदार समोर जी पेटी ठेवील ती टेम्पोत चढते. अशा घाईचा परिणाम पुढे वीस-पंचवीस वर्षे भोगावा लागतो. फरशी हा काही पडदा नव्हे की आवडला नाही तर पुढच्या ईदला बदलला.

बाथरूमची फरशी घराच्या इतर फरशीशी जुळणारी असावी असे सर्वांनाच वाटते. जुळणे म्हणजे काय, हे ठरवताना मात्र गल्लत होते. काही जण हॉलमध्ये उरलेली चकचकीत फरशीच बाथरूममध्ये नेऊन बसवतात आणि एकसारखी दिसते म्हणून समाधान मानतात. काही जण नेमके उलट करतात. संपूर्ण घर बदामी रंगाचे आणि बाथरूममध्ये गडद निळ्यावर मासे-शिंपले! दार उघडे राहिले की वाटते, ही खोली दुसऱ्याच घरातून उचलून आणली.

प्रस्तुत लेखकाचा धंदा कापडाचा. मॅचिंगचा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. एखादी भगिनी रेशमी ब्लाउजपीस घेऊन अस्तर मागायला येते, तेव्हा जाणकार दुकानदार तिला रेशमाचे अस्तर देत नाही. तो रंग रेशमाचा पाहतो आणि कापड सुती काढतो. अस्तर अंगाला लागते, घाम शोषते, वारंवार धुतले जाते. त्याचा रंग वरच्या कापडाचा असला पाहिजे, पण गुण स्वतःच्या कामाचा. बाथरूमची फरशी म्हणजे घराचे अस्तर समजावे. रंग घराच्या फरशीचा घ्यावा, पोत मात्र पाणी, साबण आणि अनवाणी पाय यांना मानवेल असाच घ्यावा. ही एक गोष्ट डोक्यात पक्की असली की दुकानातील शेकडो नमुन्यांपैकी बहुतेक आपोआप गळून पडतात.

आधी घरातील फरशी ओळखा

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या घरात काय आहे ते नीट पाहावे. महाराष्ट्रात साधारणपणे पाच-सहा प्रकारच्या फरश्या आढळतात.

सोलापूर, मराठवाडा आणि पुण्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद गावावरून तिला हे नाव पडले. तिचा राखाडी-निळसर रंग शांत असतो आणि त्यात चमक नसते. अशा घरात बाथरूमला नक्षी नसलेली, मॅट, राखाडी टाइल शोभते. फुलाफुलांची चकचकीत टाइल शहाबादीशेजारी परकी वाटते.

मोझेक फरशी असलेली घरे आणि जुन्या चाळी अजून पुष्कळ आहेत. सिमेंटच्या लादीचा हा उद्योग आपल्याकडे जुना आहे. मुंबईच्या सिधवा कुटुंबाने १९२२ मध्ये भारत टाइल्स हा कारखाना स्वदेशीच्या भावनेने सुरू केला, तो याच धंद्यातला. मोझेकमध्ये संगमरवराच्या बारीक खड्यांचे दोन-तीन रंग असतात. त्यांपैकी जो मधला रंग असेल, तो बाथरूमसाठी साध्या टाइलमध्ये घ्यावा. मोझेकसारखी छपाई असलेली टाइल घेऊ नये. छापील साडीवर दुसऱ्या छपाईचा ब्लाउज जसा दिसतो, तसे ते दिसते.

लाल कोबा असलेल्या घरात विटकरी किंवा मातकट रंगाची मॅट टाइल किंवा साधा राखाडी रंग चालतो. नव्या फ्लॅटमध्ये बहुधा क्रीम किंवा आयव्हरी रंगाची दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल असते. तेथे त्याच कुळातील, पण एक-दोन छटा गडद अशी बदामी किंवा वाळूच्या रंगाची मॅट टाइल घ्यावी. खोल्यांत लाकडासारखी दिसणारी टाइल असेल तर तिच्या रेषांमधला फिकट रंग बाथरूमसाठी उचलावा.

घरात संगमरवर असेल तर तोच बाथरूममध्ये नेण्याचा मोह होतो. तो टाळावा. संगमरवर, कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे सर्व चुन्याच्या जातीचे दगड आहेत. संडास साफ करण्याच्या बहुतेक द्रवांत ॲसिड असते. त्याचा थेंब पडला की दगडाचे पॉलिश जाते आणि पांढरट डाग कायमचा बसतो. संगमरवराच्या घराला बारीक शिरा असलेली मॅट व्हिट्रिफाइड टाइल पुरेशी जुळते.

पांढरी नको, काळीही नको

पांढरी फरशी स्वच्छ दिसते हा समज अर्धाच खरा आहे. तिच्यावर केस, माती आणि चपलेचा ठसा लगेच उठून दिसतो. काळ्या फरशीवर साबणाचा आणि क्षाराचा थर दिसतो. आपल्या बहुतेक गावांत वापरायला बोअरचे पाणी असते. ते जड असते आणि सुकले की पांढरी किनार सोडते. काळ्या टाइलवर ही किनार दोन महिन्यांत डोळ्यांत भरते. मधल्या छटा, म्हणजे राखाडी, बदामी, वाळूचा रंग, हे दोन्ही दोष झाकतात. त्यांत किंचित डाग-ठिपक्यांचा पोत असेल तर आणखी बरे.

छोट्या खोलीत रंग कमी असावेत. फरशी एक, भिंतीची टाइल एक आणि हवी तर एकच पट्टी. पाच बाय सातच्या जागेत चार डिझाइन बसवली की बाथरूम दुकानाच्या शोकेससारखे दिसू लागते.

नमुना उजेडात पाहा, ओला करून पाहा

कापड घेताना जाणकार गिऱ्हाईक थान दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहते. दुकानातल्या दिव्याखाली दोन कापडे एकसारखी वाटतात आणि बाहेर नेली की एक तांबूस, दुसरे हिरवट निघते. फरशीचेही तसेच आहे. बाथरूममध्ये खिडकी लहान आणि दिवा पांढरा असतो. म्हणून दुकानदाराकडून नमुन्याची एक-एक टाइल मागून घ्यावी. ती घरी आणून बाथरूमच्या दारात, आतल्या आणि बाहेरच्या फरशीच्या मधोमध ठेवावी. एकदा सकाळी आणि एकदा रात्री दिवा लावून पाहावी. नंतर तिच्यावर पाणी ओतून पाहावी, कारण मॅट टाइल ओली झाली की गडद दिसते आणि बाथरूमची फरशी निम्मा दिवस ओलीच असते.

टाइल घरी आणणे शक्य नसेल तर घरातील फरशीचा उरलेला तुकडा पिशवीत घालून दुकानात न्यावा. मोबाइलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नये. फोटोत रंग बदलतो, हे ऑनलाइन सूट मागवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पकड : इथे तडजोड नको

आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याने नव्या घरात हॉलचीच पॉलिश टाइल बाथरूममध्ये घातली. दिसायला घर आरशासारखे झाले. थंडीच्या दिवसांत त्यांचे वृद्ध वडील फज्रच्या वुजूसाठी उठले, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, काही महिने अंथरुणात गेले. ते पुन्हा उभे राहिले, पण काठीशिवाय चालणे राहिले नाही. त्यानंतर ती फरशी फोडून दुसरी बसवली. खर्च दुप्पट झाला, पण गेलेले चालणे कोणत्या बिलात लिहायचे?

म्हणून बाथरूममध्ये पॉलिश केलेली टाइल कितीही जुळत असली तरी घेऊ नये. दुकानात "अँटी-स्किड" किंवा "मॅट" असे सांगून टाइल विकली जाते. नुसत्या शब्दावर न जाता कंपनीच्या माहितीपत्रकात पकडीचा दर्जा विचारावा. जर्मन पद्धतीनुसार हा दर्जा आर-९ ते आर-१३ असा लिहिला जातो. आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. ही चाचणी तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून चालण्याची असते. अनवाणी पाय आणि साबणाचे पाणी यांसाठी ए, बी आणि सी अशी वेगळी प्रतवारी आहे. तिच्यात ए सर्वांत कमी पकडीची आणि सी सर्वांत जास्त. घरगुती बाथरूमला आर-१० किंवा आर-११ योग्य ठरते. अनवाणी पायाचा दर्जा दिलेला असेल तर बी पाहावा. फार खरखरीत टाइलही घेऊ नये. तिच्या खाचांत मळ आणि साबण बसतो, घासणाऱ्या बाईचे हात दुखतात आणि म्हाताऱ्या माणसांच्या तळव्यांना ती बोचते.

माहितीपत्रक मिळत नसेल तर साधी परीक्षा करावी. नमुना जमिनीवर ठेवून त्यावर पाणी आणि थोडा साबण टाकावा, चप्पल काढून पायाचा अंगठा दाबून सरकवावा. शेजारी पॉलिश टाइल ठेवून तसेच करावे. फरक पायालाच कळतो.

आकार आणि उतार

आजकाल दोन बाय चार फुटांच्या मोठ्या टाइलची हौस आहे. हॉलमध्ये त्या शोभतात. बाथरूममध्ये मात्र फरशीला उतार द्यावा लागतो. पाणी जाळीकडे वळवायचे तर चारही बाजूंनी उतार येतो आणि मोठी टाइल वाकत नाही. मग एक तर तिला तिरक्या कापांनी तोडावे लागते, नाही तर उतार कमी ठेवला जातो आणि कोपऱ्यात पाणी साचते. एक फुटाची टाइल किंवा त्याहून लहान टाइल उताराशी जमवून घेते. शिवाय सांधे जास्त असल्याने पायाला पकडही जास्त मिळते.

हॉलमध्ये दोन बाय दोनची टाइल असेल तर बाथरूममध्ये एक बाय एकची घ्यावी. अशाने हॉलचा सांधा बाथरूमच्या दर दुसऱ्या सांध्याच्या रेषेत आणता येतो आणि दारातून पाहताना दोन्ही फरश्या एकाच हाताने बसवल्यासारख्या वाटतात.

उतार किती असावा, याचे मिस्त्री लोकांचे माप सोपे आहे. फुटाला किमान एक सूत, म्हणजे आठवा भाग इंच. जेथे प्रत्यक्ष अंघोळ होते, तेथे त्याहून थोडा अधिक ठेवला तर पाणी लवकर जाते. फरशी बसल्यावर, पण सांधे भरण्यापूर्वी, एक बादली पाणी ओतून पाहावे. पाणी कोठे थांबते ते दिसले तर त्याच वेळी टाइल उचलून दुरुस्त करता येते.

भिंतीची टाइल जमिनीवर नको

देशातील सिरॅमिक टाइलचे सर्वांत मोठे केंद्र गुजरातमधील मोरबी आहे. आपल्या गावातील दुकानात येणारा बहुतेक माल तेथूनच ट्रकने येतो. एकाच दुकानात भिंतीची, जमिनीची आणि व्हिट्रिफाइड अशी सर्व प्रकारची टाइल एकमेकीशेजारी उभी असते आणि रंग-डिझाइनवरून ओळख पटत नाही. फरक पाणी शोषण्यात आहे. भिंतीच्या टाइल साधारणपणे वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात आणि त्या नाजूक असतात. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्का किंवा त्याहून कमी शोषते. जमिनीच्या सिरॅमिक टाइल या दोहोंच्या मध्ये येतात.

ही परीक्षाही दुकानात होते. टाइल उलटी करून मागच्या बाजूवर थोडे पाणी टाकावे. पाणी चटकन जिरले तर ती भिंतीची. पाणी थेंब होऊन तसेच राहिले तर ती व्हिट्रिफाइड. पेटीवर आयएस १५६२२ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, तेही पाहावे.

आपल्या घरांत बाथरूमचा उपयोग केवळ अंघोळीला होत नाही. तेथे कपडे आपटले जातात, भरलेल्या बादल्या ठेवल्या जातात, कोठे कोठे भांडीही घासली जातात. कपडे धुण्याच्या कोपऱ्यात बिनपॉलिशचा शहाबादी किंवा कडप्पा दगड बसवावा आणि बाकी जागेत टाइल, ही जुन्या लोकांची पद्धत आजही चांगली आहे. तो दगड बाहेरच्या फरशीच्या रंगाचा असेल तर जोडही साधतो. फक्त त्याला ॲसिडपासून दूर ठेवावे.

लॉट नंबर पाहिल्याशिवाय पेटी उचलू नका

कापडाच्या व्यापाऱ्याला डाय-लॉटचे महत्त्व सांगावे लागत नाही. एकाच शेडचे दोन थान वेगवेगळ्या लॉटमध्ये रंगवले तर शर्टाची बाही एका रंगाची आणि पाठ दुसऱ्या रंगाची होते. टाइलची भट्टीही तशीच. प्रत्येक पेटीवर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो, शिवाय आकारातील बारीक फरकाचाही खुणेचा आकडा असतो. सर्व पेट्यांवर हे नंबर एकच आहेत की नाही, हे टेम्पोत चढवण्यापूर्वी पाहावे. घरी पोहोचल्यावर पेट्या फोडल्या की दुकानदार सहसा परत घेत नाही.

माल किती घ्यावा? पाच बाय सात फुटांच्या बाथरूमचे क्षेत्र ३५ चौरस फूट, म्हणजे एका ब्रासच्या जेमतेम तिसऱ्या भागाएवढे. ३०० मिलिमीटरच्या टाइलचे हे ३७ नग होतात. काप आणि तूटफूट धरून दहा टक्के वाढवले की ४० ते ४१. त्यावर आणखी चार टाइल राखून ठेवाव्यात. पुढे नळ गळाला आणि फरशी फोडावी लागली तर तेच डिझाइन बाजारात मिळत नाही. दर्जी उरलेला तुकडा गिऱ्हाइकाला परत देतो, तो याच विचाराने.

या हिशेबातून दुसरी गोष्टही कळते. जागा लहान असल्याने चांगल्या टाइलला चौरस फुटामागे २० रुपये जास्त दिले तरी ३५ फुटांचा फरक ७०० रुपयांचा होतो. हॉलमध्ये हाच फरक हजारोंत जातो. काटकसर करायचीच असेल तर हॉलमध्ये करावी. बाथरूममध्ये ती परवडत नाही.

डोळ्यांना न दिसणारे काम

फरशी कितीही चांगली असली तरी तिच्याखालचे काम कच्चे असेल तर पैसा पाण्यात जातो, आणि हे पाणी शेवटी खालच्या घराच्या छतातून टपकते. विटांच्या तुकड्यांचा कोबा असो की नव्या रसायनाचा लेप, वॉटरप्रूफिंग झाल्यावर नहाणी ट्रॅपचे तोंड बंद करून एक-दोन इंच पाणी किमान २४ तास, जमल्यास ४८ तास साठवून ठेवावे. खालचे छत कोरडे राहिले तरच फरशीला हात लावावा. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे, हे सर्वांना माहीत आहे. वरच्या मजल्यावरून गळणाऱ्या पाण्यामुळे वर्षानुवर्षे सलाम-दुआ बंद झालेली घरे आपल्याच मोहल्ल्यांत आहेत.

जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटवण्याची सूचना मिस्त्रीकडून येते. त्यात तोडफोड वाचते हे खरे. पण त्याने बाथरूमची पातळी वाढते, दार अडते आणि पाणी खोलीकडे येऊ लागते. बाथरूमची फरशी बाहेरच्या फरशीपेक्षा निदान अर्धा इंच खाली राहिली पाहिजे. तेवढी जागा उरत नसेल तर जुनी फरशी काढणेच योग्य. जुनी फरशी पोकळ वाजत असेल किंवा खालून गळत असेल, तरीही ती काढावीच.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणून ती नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही आणि काही वर्षांनी पोकळ वाजू लागते. तिला टाइलचा तयार गोंद वापरावा. त्यासाठी आयएस १५४७७ हे मानक आहे. बसवून झाल्यावर नाण्याने ठोकून पाहावे. भरीव आवाज आला तर काम पक्के.

सांधा आणि उंबरा

दोन टाइल एकमेकींना चिकटवून बसवल्या की सफाईदार दिसतात असे काहींना वाटते. तसे करू नये. दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवून तो भरावा. पांढऱ्या सिमेंटने भरलेला सांधा वर्षभरात काळा पडतो. टाइलच्या रंगाचा, किंवा किंचित गडद, भराव घ्यावा. कपड्याला धागा निवडताना आपण हेच करतो. इपॉक्सीचा भराव महाग पडतो, पण पाणी आणि मळ शोषत नाही. एवढ्या लहान जागेत तो परवडतो.

दोन फरश्या जेथे भेटतात तो दाराचा उंबरा म्हणजे साडीचा काठ. तेथे ग्रॅनाइटची अरुंद पट्टी बसवावी. ती पाणी अडवते आणि आतल्या-बाहेरच्या रंगांत थोडा फरक असला तरी डोळ्यांना खटकू देत नाही. पट्टीचा रंग दोन्ही फरश्यांपेक्षा गडद घ्यावा. उंबरा ठेच लागेल इतका उंच नसावा.

वुजूची जागा

नव्या घरांत वुजूसाठी वेगळी बैठक करण्याची पद्धत वाढली आहे, ही चांगली गोष्ट आहे. ती बाथरूमबाहेर, व्हरांड्यात किंवा बेसिनजवळ असते. पण तेथे हॉलचीच चकचकीत फरशी पुढे आणली जाते आणि दिवसातून पाच वेळा ती ओली होते. वुजूच्या जागेला बाथरूमचीच मॅट टाइल वापरावी, तिला स्वतंत्र उतार आणि जाळी द्यावी, आणि म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीला पकडीचा दांडा लावावा. हा दांडा टाइल बसवण्यापूर्वीच ठरवावा. नंतर छिद्र पाडताना टाइल तडकते.

व्यापारी आणि कारागीर बांधवांसाठी

आपल्या समाजातील अनेक तरुण फरशी बसवण्याच्या आणि टाइल विक्रीच्या धंद्यात आहेत. त्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

बाथरूमचा भाव हॉलप्रमाणे चौरस फुटावर ठरवू नये. बाथरूममध्ये काप, उतार आणि कोपरे जास्त असल्याने फुटाच्या भावात कारागिराचे नुकसान होते, आणि नुकसान झाले की तो घाई करतो. संपूर्ण बाथरूमचा एकच भाव सांगावा. त्यात उतार, पाण्याची परीक्षा आणि सांधे धरले आहेत असे कागदावर लिहून द्यावे. गिऱ्हाईक अशा कागदाला जास्त पैसे देते, हा तजुर्बा आहे.

दुकानदाराकडून मिस्त्रीला मिळणाऱ्या कमिशनची गोष्ट सर्वांना माहीत आहे. कमिशनसाठी गिऱ्हाइकाच्या गळ्यात निसरडी किंवा भिंतीची टाइल मारली तर एखाद्याच्या आईचा पाय मोडू शकतो. नफा मिळवण्यास कोणी मनाई केलेली नाही, पण मालातला दोष लपवून केलेल्या सौद्यात बरकत राहत नाही. ज्या दुकानदाराने "ही टाइल बाथरूमला नको, तुमचे वडील म्हातारे आहेत," असे सांगून एक सौदा सोडला, त्याच्याकडे तेच गिऱ्हाईक पुढे चार घरे घेऊन येते.

तिसरी गोष्ट कारागिराच्या छातीची. टाइल आणि दगड कोरडे कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो आणि त्यावर खात्रीचा इलाज नाही. कटरवर पाणी सोडूनच काप घ्यावा आणि चांगला मास्क लावावा. काम संपल्यावर फरशी ॲसिडने धुण्याची सवयही सोडावी. ॲसिड सांधे खाते आणि दगड खराब करते. जादा सिमेंट ओले असतानाच पुसून घेतले तर ॲसिडची गरजच पडत नाही.

निवडीचा क्रम

सारांश असा की, निवडीचा क्रम उलटा करू नये. आधी पकड पाहावी, मग पाणी शोषण, मग आकार आणि सर्वात शेवटी रंग व डिझाइन. पहिल्या तीन चाळण्यांतून जे दहा-वीस नमुने उरतात, त्यांत आपल्या घराच्या फरशीचा भाऊबंद हमखास सापडतो. रंगापासून सुरुवात केली तर मन एका डिझाइनवर बसते आणि मग त्याचे दोष दिसेनासे होतात.

पुढच्या वेळी फरशीच्या दुकानात जाल तेव्हा हॉलची फरशी ठरवण्यापूर्वी बाथरूमची ठरवा, किंवा निदान दोन्ही एकाच दिवशी, एकाच उजेडात शेजारी ठेवून ठरवा. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर न्या आणि नमुन्यावर त्यांना अनवाणी उभे करा. जी टाइल त्यांच्या पायाला भरवशाची वाटेल, तिच्यातच घराला जुळणारा रंग शोधा.